वन्संना दाखवायचा कागद

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

आज आलेलं सामान: डिजिटल वजनकाटा एक (डॉक्टरबाईंचा, परत द्यायचा आहे). दोनशे पानी वही एक, तीही त्यांचीच. फ्रिजला लावायची पट्टी आणि कुलूप, ३४० रुपये. ओट्याखालच्या कपाटाला कडीकोयंडा, सुताराच्या मजुरीसकट ४०० (पाचशे मागत होता). देवघराच्या खणाला बारीक कुलूप, ६०. देवाला कुलूप लावणारी अख्ख्या वर्तकनगरात मी एकटीच असेन. पण खडीसाखर त्याच खणात असते आणि उर्वीला ते पाठ आहे.

वहीच्या पुढच्या बाजूने उर्वीने काय खाल्लं, किती ग्रॅम, आणि कशी वागली ते लिहायचं. मागच्या बाजूने मी माझं लिहिणार. वही परत देताना मागची पानं फाडून घेईन.

उर्वी आता चौदा वर्षांची आहे. तिच्या आजाराला प्रेडर-विली म्हणतात. पोट भरल्याचा निरोप तिच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही. जन्मली तेव्हा दूध ओढायची ताकद नव्हती, कापसाने पाजलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आईलाच दूध नाही. तीन वर्षांची झाल्यावर खायला लागली ती थांबलीच नाही. मग सगळे म्हणाले, आईने लाडावून ठेवलीय. आजाराचं नाव कळायला तेरा वर्षं गेली. आता डॉ. दिपिका नावाच्या बाई अशा पंचवीस घरांचा अभ्यास करतायत. मुलाचं रक्त, आईबापाचं रक्त, आणि ही वही. पैसे घेत नाहीत.

हे म्हणाले, "कशाला तिला आणखी सुया?" मी मात्र तिथल्या तिथे सही केली. का केली ते या बाजूला खरं लिहिते. दोष आईकडून आला की बापाकडून, ते कधीकधी कळतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तो कागद मला पाहिजे. शीलावन्संच्या नाकासमोर धरायला.

शीलावन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, डोंबिवलीला असतात. सहा वर्षांपूर्वी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. कथा चालू असताना उर्वीने आत जाऊन प्रसादाचा अर्धा शिरा संपवला. आठ वर्षांची होती. वन्संनी गॅसवरचं उलथनं उचललं आणि तिच्या मनगटाला लावलं. पाहुणे बाहेर "जय लक्ष्मीरमणा" म्हणत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, सगळं पटकन झालं. डाग अजून आहे, चिंचोक्याएवढा. त्या दिवसापासून मी त्या घरचं पाणी प्यायलेली नाही. माझा नंबर त्यांनी ब्लॉक केला, त्याआधी मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आज गुरुवार आहे.

२९ जानेवारी, बुधवार

भात ९० ग्रॅम, मुगाचं वरण १२०, दुधी १५०, काकडी पाहिजे तेवढी. डॉक्टरबाईंचा तक्ता. उर्वीची काट्याशी दोस्ती झालीय.

"आई, ब्याण्णव झाले होते. तू दोन काढलेस."

"तक्त्यात नव्वद आहेत."

"डॉक्टरांना दोनने काय होणारे? त्या मोजायला येणारेत का इथे?"

"देव बघतो."

"देवाच्या खणाला तर तू कुलूप लावलंस. तो कुठून बघणार?"

हे पेपरामागे हसले. मीही हसले असते, पण मग तिने दोन ग्रॅम वसूल केले असते. जेवून पाचशे तुकड्यांचं चित्र जुळवत बसली. चार तासांत पूर्ण केलं. अशा मुलांचा त्यात हात धरणारं कुणी नाही म्हणतात. कुठला तुकडा कुठे होता ते ती विसरत नाही. तेही वहीत लिहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिघांचं रक्त दिलं. डॉक्टरबाईंनी कागदावर घराणं काढलं, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल. आमची उर्वी काळा भरलेला गोल. ह्यांना विचारलं, भावंडं? हे म्हणाले, "एक बहीण. तिला एक मुलगा, सर्वेश. लग्न झालंय त्याचं. बायकोला दिवस गेलेत."

बसमध्ये मी विचारलं, "दिवस गेलेले तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अगं, ताई दिसली होती मार्केटात."

"डोंबिवलीची बाई ठाण्याच्या मार्केटात कशाला येईल?"

"भाजी स्वस्त असते इथे."

ठाण्यात भाजी स्वस्त! वीस वर्षं मी भाजी घेतेय. पण रक्त काढल्याने ह्यांचा चेहरा उतरला होता, म्हणून पुढे बोलले नाही.

१ एप्रिल, मंगळवार

कागद मिळाला. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते तेच निघालं. बापाकडून.

डॉक्टरबाईंनी तीनदा समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. रक्तातल्या एका ठिकाणचा बारीकसा तुकडा गळालेला आहे. तो बाईकडून तिच्या मुलाला गेला तर गप्प बसतो, मुलाला काही होत नाही. पण तोच तुकडा बापाकडून लेकराकडे गेला की आजार होतो. म्हणजे सासूबाईंकडून ह्यांना, आणि ह्यांच्याकडून उर्वीला. ज्या बाईने मला दूध नाही म्हणून गावभर सांगितलं, तिच्याकडून! माझं रक्त स्वच्छ आहे. तसं इंग्रजीत लिहूनही दिलंय.

हे मान खाली घालून बसले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "यात कुणाची चूक नसते हो. डोळ्यांचा रंग यावा तसं येतं."

मी म्हटलं, "बाई, डोळ्यांच्या रंगावरून कुणी उलथन्याचा चटका देत नाही."

 त्या घराण्याच्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे महत्त्वाचं आहे. महिपतरावांच्या बहिणीकडेही तो तुकडा असू शकतो. असला तर सर्वेशकडे असू शकतो. त्या दोघांना काहीच त्रास नसेल. पण सर्वेशच्या बाळाला..." आठात एक, असा हिशेब त्यांनी मांडला. आधी बहिणीचं रक्त बघायचं. ते चांगलं निघालं तर विषय तिथेच संपला. नाही निघालं तर बाळ जन्मल्याबरोबर तपासायचं, पहिल्या आठवड्यापासून उपचार चालू करायचे. उर्वीची तेरा वर्षं गेली तशी त्याची जायची नाहीत.

"आम्ही परस्पर फोन करू शकत नाही," त्या म्हणाल्या, "नातेवाइकांना तुम्हीच सांगायचं असतं." असं म्हणून मराठीत छापलेलं एक पत्र माझ्या हातात दिलं. ह्यांच्या नाही, माझ्या.

येताना कागदाच्या पाच झेरॉक्स काढल्या. वन्संच्या ओळखीत तोंड चालणाऱ्या पाच बायका तरी आहेत.

३ एप्रिल, गुरुवार

हे काल विचारत होते, "ताईला कधी सांगायचं?" मी म्हटलं, "मी सांगेन. माझ्याकडे दिलंय ना पत्र? तुम्ही मध्ये पडलात तर बघा." गरीब माणूस आहे. मान डोलावून बाहेर गेला.

सांगायचं नाही असं मी ठरवलंय. कारण लिहिते.

त्या सत्यनारायणानंतर शिमग्याला आम्ही कोकणात गावी गेलो होतो. तिथे देवळात नारळ ठेवून गुरवाकरवी गाऱ्हाणं घालतात. गुरव देवाला उद्देशून मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. माझं मागणं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ते भिवाजी गुरवाच्या कानात सांगितलं. म्हटलं, ज्या बाईने माझ्या लेकराला डागलं, तिच्या घरात असंच लेकरू जन्माला येऊ दे. तिला कुलपं लावायला लागू देत. भिवाजीने नारळ घेतला, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटला आणि म्हणाला, "जावा. झाला."

सहा वर्षं झाली. देवाला वेळ लागतो पण तो विसरत नाही. आठात एक म्हणे. डॉक्टरबाईंना गाऱ्हाणं माहीत नाही, म्हणून आठात एक.

आज पोथी वाचताना मन छान लागलं.

३० एप्रिल, बुधवार

ह्यांनी निरोप आणला. रविवारी योगिनीचं, म्हणजे सर्वेशच्या बायकोचं, डोहाळजेवण. "ताईने बोलावलंय. योगिनीच म्हणतेय, मामी आल्याच पाहिजेत."

"मार्केटात भेटल्या वाटतं परत?"

ह्यांनी पेपर उघडला.

मी जाणार आहे. गप्प बसायचा विचार बदलला. गप्प बसले तर उद्या त्या म्हणतील, आम्हाला काय ठाऊक होतं. तसं नको. चाळीस बायकांसमोर कागद वाचायचा. पहिली ओळ पाठ केलीय: "वन्सं, तुमच्या आईने तुम्हाला काय दिलंय ते बघा." उर्वीला ह्यांच्याजवळ ठेवीन. किल्ल्या ह्यांच्या गळ्यात.

४ मे, रविवार

शीळफाट्याला बस तासभर हलली नाही. घामाने ब्लाउज भिजला, पण झेरॉक्सची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

हॉल घेतला होता. मधोमध झोपाळा, त्यावर योगिनी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, फुलांचाच मुकुट. मुलगी लहान आहे हो. चोवीसची असेल. समोर पदार्थांची रांग: पुरणपोळी, करंज्या, पाच तऱ्हेचे भात, बर्फीचे डोंगर. माझ्या मनात आधी आलं ते ग्रॅम. इतकं अन्न उघड्यावर मी किती तरी वर्षांत बघितलेलं नाही.

वन्सं पुढे आल्या. केस पांढरे झालेत. म्हणाल्या, "ये कुंदा. एकटीच? उर्वीला नाही आणलंस?" मग माझ्याकडे न बघता, "तेही बरंच केलंस म्हणा. आज इथे सगळं असं मांडून ठेवलंय."

मागच्या दोघी हसल्या. मी पिशवी घट्ट धरली.

"मामी, तुम्ही इथे माझ्याजवळ बसा ना," योगिनी म्हणाली, "तुम्हाला मी फोटोतच बघितलंय."

बसले. बायकांची थट्टा चालू होती. दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या, तिने एक उघडली तर पेढा. "मुलगा गं मुलगा!" सगळ्या ओरडल्या. एक जाडजूड काकू म्हणाल्या, "काय गं, लाथा किती मारतो? झोपू देतो का?"

"छे हो काकू. इतकं शांत आहे ना बाळ. दिवसदिवस हलत नाही. कधीकधी मीच हात लावून बघते, आहे ना आत म्हणून."

सगळ्या हसल्या. वन्सं कौतुकाने म्हणाल्या, "गुणी आहे. आईला त्रास देत नाही."

 उर्वी पोटात असताना मी हेच सांगायचे. आणि सासूबाई हेच म्हणायच्या, अगदी याच शब्दांत. गुणी आहे.

ओटी भरायला उठले. नारळ, तांदूळ, खण तिच्या पदरात घातले. वन्सं पिशवीकडे बघून म्हणाल्या, "एवढं जपून काय आणलंयस त्यात?"

"कागद आहेत."

"कसले गं?"

हॉलमध्ये तेवढ्यात गाणं थांबलं होतं. सगळ्या ऐकत होत्या. सहा वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. तोंड उघडलं. योगिनी पदर पसरून खालून माझ्याकडे बघत होती, मुकुट एका बाजूला कलला होता.

"रेशन कार्डाचे," मी म्हणाले.

जेवले नाही. निघताना वन्सं जिन्यापर्यंत आल्या आणि एक डबा हातात कोंबला. "उर्वीला. काकडीच आहे, सोलून आणलीय. महिपत म्हणाला, तिला चालते."

काकडी! पाहुण्यांना पुरणपोळी आणि माझ्या लेकीला काकडी. अपमान कसा करावा ते या बाईकडून शिकावं. फेकून देणार होते, पण डबा चांगला स्टीलचा होता.

(पुढच्या बाजूला लिहिलं: काकडी २२० ग्रॅम. मीठ नाही.)

६ मे, मंगळवार

दोन दिवस जेवण गेलं नाही. ते बाळ हलत नाही, हे डोक्यातून जात नाही. देवाने ऐकलं म्हणून मला आनंद व्हायला हवा. होत नाही. शेवटी ह्यांच्या डायरीतून नंबर काढून गावी भिवाजी गुरवाला फोन लावला. विचारलं, घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं का? किती नारळ लागतील?

"खयचा गाऱ्हाणा, वयनी?"

मी आठवण करून दिली. 

"वयनी, असला गाऱ्हाणा मी देवाक घालूक नाय. पोटातल्या पोरांवर आमी घालनव नाय. तुमी रडत होतास. मी देवाक इतक्याच सांगितलंय, म्हाराजा, ही बाय दमली हा, तिका झोप लागांदे."

मी त्याला वाटेल ते बोलले. सहा वर्षं मला फसवलंस म्हणाले. माझा नारळ खाल्लास म्हणाले. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला.

मग हे कुणी केलं? मी नाही, देवाने नाही. डॉक्टरबाई म्हणतात ते खरं असेल, तर सासूबाईंनीही नाही. कुणीच केलं नाही आणि माझ्या लेकीच्या मनगटावर डाग आहे. तो तरी वन्संनीच दिलाय. एवढं माझ्याजवळ आहे.

९ मे, शुक्रवार

उर्वी जेवताना म्हणाली, "आत्याची काकडी मस्त होती. परत कधी?"

"आत्याने तुला डागलं होतं, विसरलीस?"

"नाही विसरले." मनगट पुढे केलं. "तू म्हणालीस, द्या."

"काय?"

"तू दारात होतीस. पिवळी साडी. आत्या म्हणाली, चटका देऊ का हिला? तू म्हणालीस, द्या वन्सं, त्याशिवाय हिला अक्कल यायची नाही. मग आत्याने दिला. आत्या रडली. तू नाही रडलीस."

मी ओरडले, गप्प बस. पण या मुलांचं एकदा सुरू झालं की थांबत नाही. संध्याकाळपर्यंत वीस वेळा म्हणाली. पिवळी साडी, द्या वन्सं. हे ऐकत होते. एकदाही म्हणाले नाहीत, की असं झालं नव्हतं.

पुढच्या बाजूला वागणुकीच्या रकान्यात लिहिलं: खोटं बोलते.

१० मे, शनिवार

रकान्यातलं खोडलं. खोटं बोलत नाही.

१३ मे, मंगळवार

स्पीड पोस्टाने पाठवलं. नक्कल इथे ठेवते.

शीलावन्सं यांस,

वर नमस्कार लिहायला हात होईना, म्हणून लिहिला नाही.

सोबत दोन कागद आहेत. एक उर्वीच्या रक्ताचा, एक डॉक्टरबाईंचं छापील पत्र. पत्र मराठीत आहे, दोनदा वाचा. थोडक्यात असं की तुमच्या आईकडून ह्यांच्याकडे जे आलं, ते तुमच्याकडेही आलेलं असू शकतं. तुम्हाला आणि सर्वेशला त्याचं काही होत नाही. बाळाला होऊ शकतं. आधी तुमचं रक्त बघायचं. ते चांगलं निघालं तर हे पत्र फाडून टाका आणि योगिनीला काही कळू देऊ नका. नाही निघालं तर तिच्या डॉक्टरांना आताच सांगायला हवं. बाळ फार हलत नाही, हेही तिने त्यांना सांगितलं पाहिजे, आजच. आणि जन्मल्यावर बाळाने दूध ओढलं नाही तर आईला दूध नाही असं कुणी म्हटलेलं मला कळता कामा नये.

हे कागद मी डोहाळजेवणात चारचौघींत वाचणार होते. वाचले नाहीत ते तुमच्यासाठी नाही.

तुम्ही उलथनं लावलंत. मी दारातून "द्या" म्हणाले. दोन्ही लिहिते, कारण उर्वी दोन्ही सांगते. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

हे तुम्हाला भेटतात ते मला माहीत आहे. आता लपून भेटू नका, बसभाडं दोनदा जातं. डबा पोचला.

डॉक्टरबाई मंगळवारी आणि शुक्रवारी रक्त घेतात. उपाशीपोटी जावं लागत नाही, खाऊन या. एकट्या येऊ नका. त्या चौकोन आणि गोल काढून सांगतात ते पहिल्या वेळी कुणाला समजत नाही. मी येऊन शेजारी बसेन. तुम्ही तुमच्या रक्ताचा कागद वाचाल तेव्हा तुमचं तोंड मला बघायचंय.

फोन करू नका. आवाज ऐकला की मी भलतंच बोलेन. आत पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट ठेवलंय. मंगळवार की शुक्रवार, तेवढं उलट टपाली कळवा.

कुंदा